मराठी अक्षरं बिघडली की: टंकन, जुन्या फाइली, पीडीएफ आणि छपाईचे नेमके उपाय

जुळारी (धागाकर्ता)

फाइल उघडली आणि मराठीच्या जागी भलतंच काही दिसलं, की हात आधी फॉन्टच्या यादीकडे जातो. चार-सहा फॉन्ट बदलून पाहायचे, मग फाइल सेव्ह करून बंद करायची. यात दोन चुका होतात. एक तर बिघाड बहुतेक वेळा फॉन्टचा नसतो. दुसरं म्हणजे सेव्ह केल्यामुळे दुरुस्त होऊ शकणारा मजकूर कायमचा जाऊ शकतो. म्हणून पहिला नियम असा: बिघडलेली फाइल ओळख पटेपर्यंत सेव्ह करू नका. आधी तिची एक प्रत काढून ठेवा.

पडद्यावर अक्षर दिसणं आणि फाइलमध्ये अक्षर साठवलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिघाड यातल्या कुठल्या बाजूला आहे ते नुसतं बघूनही ओळखता येतं.

चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे. त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, एवढंच. मजकूर निवडून निर्मला यूआय, मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी लावा, काम झालं. निर्मला यूआय विंडोज ८ पासून सोबतच येतो.

सलग प्रश्नचिन्हं दिसत असतील तर वाईट बातमी आहे. तिथे आता खरोखरच प्रश्नचिन्हं साठलेली आहेत. कुणीतरी आधीच चुकीच्या प्रकारात सेव्ह केलंय. कुठलाही फॉन्ट किंवा कन्व्हर्टर ती अक्षरं परत आणणार नाही, मूळ फाइल शोधावी लागेल.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा इंग्रजी ए, त्याला चिकटून ¤ किंवा ¥, मग आणखी एखादं चिन्ह, आणि हीच माळ ओळभर दिसत असेल तर घाबरायचं कारण नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला ठरलेला क्रमांक असतो, आणि तो फाइलमध्ये साठवण्याची रूढ पद्धत म्हणजे यूटीएफ-८. देवनागरीचा प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांत साठतो. पहिला बाइट सगळ्यांचा एकच असतो, दुसरा दोनांपैकी एक, तिसरा मात्र बदलतो. उघडणारा प्रोग्रॅम हे तीन बाइट तीन स्वतंत्र इंग्रजी चिन्हं म्हणून वाचतोय, म्हणून ओळ तिप्पट लांब झाल्यासारखी वाटते. फाइल योग्य एन्कोडिंगने, म्हणजे अक्षरं ज्या पद्धतीने साठवली त्याच पद्धतीने, पुन्हा उघडली की सगळं जिथल्या तिथे येतं.

चौथा प्रकार म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं, पण अर्थ काहीच नाही. हा मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमधला आहे. या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवले होते. कृतिदेवमध्ये ‘भारत’ लिहिलं की फाइलमध्ये मोठा एच, मग छोटे के, के, जे, आर एवढंच साठतं. एच आणि के मिळून भ, दुसरा के म्हणजे काना, जे म्हणजे र, आर म्हणजे त. फॉन्ट काढून घेतला की खालचं इंग्रजी उघडं पडतं.

तुमच्याकडे यातलं काय दिसतंय ते सांगून विचारलंत तर उत्तर नेमकं देता येईल.

सभासद_यादी

सोसायटीच्या सभासदांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) आली आहे. डबल क्लिक केलं की एक्सेलमध्ये तिसऱ्या प्रकारची माळ दिसते. नोटपॅडमध्ये तीच फाइल व्यवस्थित दिसते. मग चूक कुठे आहे?

जुळारी

नोटपॅडमध्ये नीट दिसतेय म्हणजे फाइल चांगली आहे. डबल क्लिक केल्यावर एक्सेल एन्कोडिंग विचारत नाही, स्वतःच ठरवतं, आणि फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची खूण नसेल तर ते चुकतं. उपाय दोन आहेत.

रिकामी वर्कबुक उघडा. डेटा या टॅबवर ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडून फाइल दाखवा. समोर येणाऱ्या खिडकीत ‘फाइल ओरिजिन’च्या यादीतून ६५००१ क्रमांकाचा युनिकोड यूटीएफ-८ हा पर्याय घ्या. तिथल्या तिथे नमुना सुधारलेला दिसतो. लगेच ‘लोड’ दाबू नका. ‘ट्रान्सफॉर्म डेटा’त जाऊन फ्लॅट क्रमांक आणि फोन नंबरचे रकाने ‘टेक्स्ट’ करून घ्या, नाहीतर ००४ चा ४ होतो.

किंवा तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘सेव्ह ॲज’मध्ये खालच्या एन्कोडिंगच्या यादीतून ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ निवडा. बॉम म्हणजे फाइलच्या तोंडाशी बसणारी ती अदृश्य खूण. यानंतर डबल क्लिकनेही एक्सेल बरोबर उघडतं.

परत पाठवताना मात्र खरी काळजी घ्या. एक्सेलच्या ‘सेव्ह ॲज’मध्ये सीएसव्ही नावाचे एकाहून जास्त प्रकार असतात. साधा ‘कॉमा डिलिमिटेड’ निवडलात तर सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हं होतात. वर सांगितलेला दुसरा प्रकार हाच. यादीत ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ वेगळा दिलेला असतो, तोच घ्यायचा.

सभासद_यादी

६५००१ ने झालं. धन्यवाद. आता नवी नावं टाइप करायची आहेत. विंडोजमध्ये वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं का?

वेलांटी

नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिला की मराठी शब्द येतो तो) विंडोजमध्येच आहे, इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक) तर त्याच्या कितीतरी आधीपासून. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन असं जाऊन ‘ॲड अ लँग्वेज’मधून मराठी घ्या. ‘डिस्प्ले लँग्वेज’वरची खूण काढून टाका, नाहीतर सगळा मेनूच मराठी होतो. मग मराठीसमोरच्या तीन टिंबांत ‘लँग्वेज ऑप्शन्स’, तिथे ‘ॲड अ कीबोर्ड’, आणि ‘मराठी फोनेटिक’. पहिल्यांदा इंटरनेट लागतं, कारण टंकनाचा भाग डाउनलोड होतो. पुढे विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलायची.

पासवर्ड चुकतोय अशी तक्रार यानंतर हमखास येते. पासवर्ड बरोबर असतो, कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो. सेटिंग्जमध्ये ‘टायपिंग’ आणि त्यात ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ उघडा. प्रत्येक खिडकीसाठी वेगळा कीबोर्ड लक्षात ठेवण्याचा पर्याय तिथे आहे, तो चालू करा. वर्ड मराठीवर राहतं, ब्राउझर इंग्रजीवर.

फोनेटिक चांगलं आहे, पण दिवसभर टंकन असेल तर इन्स्क्रिप्ट शिकून घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. फोनेटिकमध्ये प्रत्येक शब्दाला पर्यायांची यादी डोळ्यांनी तपासावी लागते, आणि ऱ्हस्व-दीर्घाची निवड यंत्राच्या हाती जाते. इन्स्क्रिप्टमध्ये एका कळीला एकच वर्ण असतो, अंदाज नसतो. रचनाही समजायला सोपी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. एल वर त, शिफ्ट धरून एल वर थ. के वर क, शिफ्ट धरून ख. म्हणजे निम्मी व्यंजनं पाठ केली की उरलेली शिफ्टने मिळतात. मात्रांचंही तसंच: ई वर काना, शिफ्ट धरून ई वर आ. पाय मोडायचा तो डी ने.

काना_मात्रा

इन्स्क्रिप्टमध्ये ‘दऱ्या’ लिहायला गेलं की ‘दर्या’ होतं. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्राचा दर्या यात फरक हवाच ना?

वेलांटी

हवाच. आचार्यांना बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं यात जेवणाचा प्रश्न आहे.

साधा र, मग पाय मोडणं, मग य असं दिलंत तर रफार होतो. त्याऐवजी नुक्ता असलेला ऱ घ्यायचा. तो शिफ्ट धरून जे वर आहे. ‘वऱ्हाड’ असा येतो: बी, शिफ्ट-जे, डी, यू, ई, आणि शेवटी डावा चौकोनी कंस. टाइप करताना क्षणभर र खाली टिंब दिसतं. घाबरू नका, पाय मोडून ह दिला की टिंब जातं आणि र चा तो आडवा अर्धा आकार तयार होतो.

दुसरी पद्धत म्हणजे साधा र, पाय मोडणं, मग अदृश्य जोडचिन्ह, मग य. विंडोजच्या इन्स्क्रिप्टमध्ये हे जोडचिन्ह कंट्रोल, शिफ्ट आणि १ एकत्र दाबून येतं. दोन्ही पद्धती युनिकोडला मान्य आहेत आणि दोन्हींचं रूप एकसारखं दिसतं. पण साठतात वेगळ्या. यादीत अर्धी आडनावं एका पद्धतीने आणि अर्धी दुसऱ्या पद्धतीने लिहिली, तर ‘गोऱ्हे’ शोधल्यावर अर्धेच सापडतील. एका कार्यालयाने एकच पद्धत ठरवावी. मी पहिली सुचवते, कारण तिच्यात अदृश्य काही नाही.

जुळारी

वेलांटींच्या मुद्द्याला पुस्ती. ॲ आणि ऑ यांचंही हेच दुखणं आहे. ॲ हा युनिकोडमध्ये २००८ सालापासून एक स्वतंत्र वर्ण आहे. पण त्याआधीची सवय म्हणून अ लिहून त्यावर चंद्र दिला जातो. दिसायला दोन्ही सारखेच, संगणकाच्या लेखी वेगळे.

कुठला आहे ते वर्डमध्ये तपासता येतं. अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून अल्ट आणि एक्स दाबा. पूर्ण अक्षर जाऊन ०९७२ हा आकडा आला तर तो खरा ॲ. अ तसाच राहून पुढे ०९४५ आलं तर जोडून केलेला. पुन्हा अल्ट-एक्स दाबलं की आकड्याचं अक्षर होतं. हीच युक्ती उलटी वापरून कीबोर्डवर न सापडणारं अक्षरही आणता येतं: ०९७२ लिहून अल्ट-एक्स केलं की ॲ, ०९३१ लिहून केलं की ऱ. आकडे इंग्रजी अंकांत टाकायचे.

विसर्गाच्या जागी कोलन देणं हाही याच जातीचा घोटाळा. ‘दुःख’मध्ये कोलन टाकलात तर तो शब्द न राहता दोन तुकडे होतात. ओळीच्या शेवटी तुटतो, शुद्धलेखन तपासणीत अडकतो. इन्स्क्रिप्टमध्ये विसर्ग शिफ्ट धरून हायफनच्या कळीवर आहे.

पाणीपट्टी

सभासदांना मराठी एसएमएस पाठवले तर बिल इंग्रजीच्या दुपटीहून जास्त येतं. मजकूर तेवढाच असतो.

रफार

एसएमएसमध्ये साधी इंग्रजी १६० अक्षरं बसतात. देवनागरीचा एक जरी वर्ण आला तर पूर्ण मेसेज युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० होते. त्याच्या पुढे गेलात की जोडमेसेज बनतो आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च बसतात, कारण जोडणीची माहिती थोडी जागा खाते. म्हणजे ७१ वर्णांच्या मेसेजचे पैसे दोनाचे.

मोजताना मात्रा, अनुस्वार, पाय मोडणं, सगळं वेगळं धरा. ‘नमस्कार’ डोळ्यांना चार अक्षरी दिसतो, मोजणीत तो सात आहे: न, म, स, मोडलेला पाय, क, काना, र. ‘स्त्री’ एकटी सहा खाते. जोडाक्षरं असलेले शब्द महाग पडतात, म्हणून ‘कृपया त्वरित भरणा करावा’पेक्षा ‘लगेच भरा’ स्वस्तही आहे आणि समजायलाही बरं.

आणि पूर्ण इंग्रजी मेसेजात एखादं ₹ चिन्ह घातलंत तरी मर्यादा ७० वर येते. ते चिन्ह एसएमएसच्या मूळ संचात नाही. बिलाच्या मेसेजात नेमकं हेच होतं.

खिळा

जुन्या श्रीलिपी फाइलींबद्दल सविस्तर लिहिणार का? संस्थेच्या वीस वर्षांच्या अहवालांचं युनिकोड करायचं आहे. ऑनलाइन कन्व्हर्टरने केलं, वरवर बरं दिसतंय, पण शोधायला गेलं की शब्द सापडत नाहीत.

जुळारी

यावर थोडं लांबण लावावं लागेल, कारण सर्वात जास्त मराठी मजकूर इथेच खराब होतो.

आधी फॉन्टचं नेमकं नाव काढा. वर्डमध्ये मजकूर निवडला की वरच्या चौकटीत नाव दिसतं. फॉन्ट तुमच्या संगणकावर नसला तरी नाव दिसतंच. ‘श्रीलिपी’ एवढं पुरत नाही. त्यात मालिका वेगवेगळ्या आहेत आणि कुठल्या जागी कुठला आकार याचे सगळ्यांचे तक्ते एक नाहीत. कन्व्हर्टरमध्ये शेजारच्या मालिकेचा पर्याय निवडलात तर बहुतांश मजकूर बरोबर येतो आणि जोडाक्षरं चुकतात. ही अर्धवट बरोबर फाइल फार फसवी असते.

पूर्ण अहवाल टाकण्याआधी काही शब्दांवर चाचणी घ्या: किल्ली, स्थिती, सूर्य, निर्मिती, वऱ्हाड, कृष्ण, हृदय, राष्ट्र, बुद्धी, द्राक्ष, रुपया, रूप, ज्ञान, ॲप, ऑफिस, दुःख, शृंगार. जुन्या फाइलीतच हे शब्द शोधून रूपांतरित करा. यात पास झालेल्या कन्व्हर्टरवर पुढे विसंबता येतं.

चुका कुठे होतात त्याचं कारण असं. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते आणि दाखवताना डावीकडे जाते. कन्व्हर्टरला ती उचलून पुढे न्यावी लागते. ‘स्थिती’मध्ये तिला स् आणि थ दोन्ही ओलांडून जायचं असतं, पण कच्चा कन्व्हर्टर पहिल्याच अक्षरानंतर तिला टाकून देतो आणि ‘स्िथती’ असं काहीतरी तयार होतं. रफाराचं उलट: तो जुन्या फाइलीत शेवटी, युनिकोडमध्ये आधी.

दुसरी चूक दिसतच नाही. जुन्या फॉन्टात काना वेगळा आणि मात्रा वेगळी टाइप करून ‘ो’ बनवत. कन्व्हर्टर तेच दोन तुकडे तसेच उतरवतो. पडद्यावर ‘ाे’ आणि ‘ो’ जवळपास सारखेच. पण पहिला दोन वर्णांचा, दुसरा एका वर्णाचा. तुमचे शब्द न सापडण्याचं कारण बहुधा हेच.

दुरुस्ती नोटपॅडमध्ये करा. रूपांतरित मजकूर तिथे चिकटवून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि कंट्रोल-एच उघडा. काना अधिक एक मात्रा या जोडीच्या जागी ो घाला. काना अधिक दोन मात्रा म्हणजे ौ. काना अधिक चंद्र म्हणजे ॉ. मग स्वर: आ अधिक मात्रा म्हणजे ओ, आ अधिक दोन मात्रा म्हणजे औ, आ अधिक चंद्र म्हणजे ऑ, अ अधिक चंद्र म्हणजे ॲ, अ अधिक काना म्हणजे आ. तुटकी जोडी शोधचौकटीत टाइप होत नसेल तर बिघडलेल्या शब्दातूनच उचलून चिकटवा. इन्स्क्रिप्टवर ती सहज येते: ई आणि एस लागोपाठ दाबले की काना आणि मात्रा.

शेवटी मोडलेला पाय आणि त्याच्यामागे लगेच पहिली वेलांटी ही जोडी शोधा. शुद्ध मराठीत पाय मोडलेल्या अक्षराला मात्रा लागूच शकत नाही, त्यामुळे सापडलेली प्रत्येक जागा चूकच असते. इथे ‘रिप्लेस ऑल’ चालणार नाही, एकेक जागा हाताने लावायची. तुटक वर्तुळ दिसलं तर तेही याचंच लक्षण आहे: मात्रेला बसायला व्यंजन मिळालेलं नाही किंवा एकावर दोन मात्रा पडल्यात.

हाताने लावताना एक लक्षात ठेवा. विंडोजवर बॅकस्पेस एक वर्ण खोडतो, डिलीट पूर्ण जोडाक्षर खोडतं. ‘क्षि’ची फक्त वेलांटी काढायची तर कर्सर क्षि च्या पुढे ठेवून एकदा बॅकस्पेस. अलीकडे ठेवून डिलीट दाबलंत तर क्षि च जाईल.

मूळ श्रीलिपी फाइली मात्र फेकू नका. फॉन्टसकट आणि एका पीडीएफ प्रतीसह ठेवा. शंका आली की बघायला तेवढाच आधार असतो.

खिळा

‘ाे’ हेच निघालं. एका अहवालातच शेकड्याने आहेत. आता हा मजकूर छापायला द्यायचा आहे. इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला तर वेलांट्या उजवीकडे जातात आणि मोडलेले पाय तसेच दिसतात.

अर्धचंद्र

मजकुरात चूक नाही, कंपोझर, म्हणजे अक्षरं आणि ओळी जुळवणारा भाग, बदलायचा आहे. परिच्छेदाच्या पॅनेलच्या कोपऱ्यातला मेनू उघडून ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. प्रत्येक चौकटीत हे करत बसू नका. परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये ‘जस्टिफिकेशन’खाली कंपोझरची निवड आहे, तिथे एकदा लावलं की पुस्तकभर लागतं. फोटोशॉपमध्ये हीच सोय प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’ विभागात आहे, इलस्ट्रेटरमध्ये तिथेच भारतीय लिप्यांचे पर्याय दाखवण्याची खूण आहे. पेजमेकरमध्ये युनिकोड चालतच नाही. छापखाना पेजमेकरवरच काम करत असेल तर तुम्ही मांडणी करून पीडीएफ द्या.

पीडीएफ वर्डमधून काढताना ‘सेव्ह ॲज’मधून काढा म्हणजे फॉन्ट आत बसतात. कोरलड्रॉची फाइल पाठवायची असेल तर पाठवायच्या प्रतीत सगळं निवडून कंट्रोल-क्यू करा. अक्षरांचे आकार रेषांत बदलतात, छापखान्यात फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. त्या प्रतीत मग शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ वेगळी ठेवायची.

फॉन्ट निवडताना ल आणि श आवर्जून बघा. पाकळीदार ल आणि देठाचा श ही मराठी वळणं आहेत. युनिकोडमध्ये हिंदी-मराठीला एकच क्रमांक असल्यामुळे वळण फॉन्टवर अवलंबून राहतं. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टात मराठी वळणं थेट मिळतात. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे. आयआयटी मुंबईच्या शोभिकात जोडाक्षरं भरपूर आहेत, संस्कृत अवतरणं असतील तर तो उपयोगी पडतो. मराठी पुस्तकात अक्षरांचं वळण मराठी असावं एवढा हट्ट ठेवायलाच हवा.

काना_मात्रा

पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. त्यावरही नोटपॅडची दुरुस्ती चालेल का?

जुळारी

नाही, तिथे वेळ घालवू नका. पीडीएफ अक्षरांचे आकार साठवते. कुठला आकार म्हणजे कुठले वर्ण याचा तक्ता आत नसला किंवा अपुरा असला तर कॉपी होताना काहीही बाहेर पडतं, आणि प्रत्येक पीडीएफची मोडतोड वेगळी असते. पानाचं चित्र धरून अक्षरओळख करून घेणं जास्त सरळ पडतं.

गूगल ड्राइव्हवर पीडीएफ किंवा पानाचा फोटो चढवा, राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्स निवडा. चित्र वर, मजकूर खाली अशी फाइल तयार होते. दोन एमबीच्या आतली फाइल द्या, पान सरळ असू द्या. स्वतः स्कॅन करत असाल तर ३०० डीपीआय ठेवा. खूप पानं असतील आणि ती बाहेर पाठवायची नसतील तर टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठीच्या डेटासह संगणकावर बसवता येतं.

तपासताना घ-ध, भ-म, ब-व, ष-प या जोड्यांवर आणि अनुस्वारांवर नजर ठेवा. शिरोरेघेवरचं टिंब जुन्या कागदावर सहज हरवतं आणि ‘अंगात’चं ‘अगात’ होतं. आकडे मूळ पानाशी एकेक ताडून घ्या, शुद्धलेखन तपासणी त्यातल्या चुका पकडत नाही.

पाणीपट्टी

फोनवर लिहिणाऱ्यांसाठी काही सांगा.

रफार

जीबोर्डच्या (गूगलचा फोनवरचा कीबोर्ड) सेटिंग्जमध्ये ‘लँग्वेजेस’, ‘ॲड कीबोर्ड’, मराठी. तिथेच देवनागरी कळफलक, इंग्रजी अक्षरांवरून मराठी आणि हस्ताक्षर असे प्रकार दिसतात. वयस्कर माणसाला हस्ताक्षराचा लावून द्या. बोटाने गिरवलं की शब्द येतो, कळा शोधाव्या लागत नाहीत. लांब मजकूर बोलून लिहायचा तर माइकचं चिन्ह दाबून बोलता येतं, आणि संगणकावर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून ‘टूल्स’मधलं ‘व्हॉइस टायपिंग’ घेऊन भाषा मराठी करता येते. विरामचिन्हं मागाहून हाताने द्यायची.

फाइलींची नावं मराठीत ठेवत असाल तर आखूड ठेवा. अँड्रॉइड आणि लिनक्सवर नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, आणि मराठी वर्ण तीन बाइटांचा. म्हणजे मात्रा, पाय, सगळं धरून जेमतेम ८५ वर्ण. विंडोजवर चाललेलं ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’पासून सुरू होणारं लांबलचक नाव तिथे कॉपी होताना अडतं आणि दोष पेनड्राइव्हला दिला जातो.

सभासद_यादी

वेलांटी, यादीत ‘ऱ्ह’ दोन्ही पद्धतींनी लिहिलेला निघाला. एकदम बदलून घेऊ का?

वेलांटी

थांबा, आधी चाचणी घ्या. काही प्रोग्रॅम शोधताना अदृश्य जोडचिन्हाकडे दुर्लक्ष करतात. तसं झालं तर जुन्या पद्धतीचा ‘र्‍’ शोधताना सगळे खरे रफारही त्यात सापडतील आणि ‘रिप्लेस ऑल’ने शर्मा, कुलकर्णी, मोर्डे सगळ्यांची आडनावं बिघडतील.

फाइलची प्रत काढा. यादीतल्या बिघडलेल्या आडनावातून ‘र्‍’ एवढाच भाग उचलून शोधचौकटीत चिकटवा आणि फक्त ‘फाइंड नेक्स्ट’ दाबत पुढे जा. पाचदहा जागा बघा. प्रत्येक वेळी ऱ्ह किंवा ऱ्य हेच सापडत असेल तर बदल करायला हरकत नाही, बदलीच्या चौकटीत ऱ आणि मोडलेला पाय एवढंच टाका, पुढचा ह तसाच राहू द्या. एकदा जरी ‘कुलकर्णी’वर कर्सर थांबला तर त्या प्रोग्रॅममध्ये हे काम करू नका. रकाना कॉपी करून नोटपॅडमध्ये न्या, तिथे हीच चाचणी पुन्हा घ्या आणि तिथेही ‘कुलकर्णी’ सापडला तर नावं हाताने बदला.